पाच बुरुजांना हळद

हे मारायचे. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. हातानं मारायचे, पट्ट्यानं मारायचे, लाटणं हाताला लागलं तर लाटण्यानं. आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणून मी हे म्हणते, आणि इतकं सगळं होऊनसुद्धा जीभ अजून नावाकडं वळत नाही.

चौऱ्याऐंशी साली मी इचलकरंजीहून अमेरिकेत आले. सातवीपर्यंत शिकलेली, वडिलांच्या घरी चार माग, त्या खडखडाटात वाढलेली. हे तिकडं जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारे, आणि इकडं मॅसॅच्युसेट्समधल्या समुद्राजवळच्या एका गावात गिरणीत त्यांना तेच काम मिळालं. आपल्या लोकांना वाटतं अमेरिकेत मराठी माणूस म्हणजे इंजिनिअर नाहीतर डॉक्टर, टेक्सासात मोठं घर, दारात दोन गाड्या. आमचं तसलं काही नव्हतं. तीन मजली लाकडी घर, मधल्या मजल्यावर आम्ही, खाली घरमालकीण. जिना इतका हलायचा की हे कामावरून परत आले की पायरीच्या आवाजावरून मला कळायचं आज काय होणार.

घरमालकीण पोर्तुगालची. विधवा बाई, कायम काळे कपडे, सत्तरीची असेल. गावात निम्मे लोक तिकडचेच. तिचा मुलगा गिरणीत फोरमन होता, ह्यांचा फोरमन, त्यामुळं हे त्याला बॉस बॉस करायचे आणि घरी येऊन त्याला शिव्या द्यायचे आणि मग माझ्याकडं वळायचे.

मी पहिल्यांदा खाली गेले तेव्हा ओठ फाटलेला होता आणि पोरगी कडेवर. पीठ मागायला आले असं काहीतरी मी हातवारे करून सांगितलं. बाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं, फ्रीजमधून बर्फ काढला, फडक्यात गुंडाळून हातात दिला, आणि दुसऱ्या हातात एक कापड दिलं शिवायला. विचारलं काहीच नाही. तिला इंग्रजी मोडकं, मला त्याहून मोडकं. पण सुई दोघींना यायची. मी तिला मावशी म्हणायला लागले, ती मला फील्या म्हणायची, म्हणजे पोरी. माझी पोरगी तिला वोवो म्हणायची. वोवो म्हणजे त्यांच्यात आजी.

मावशी झेंडे शिवायची. झेंडे म्हणजे देशाचे नव्हेत, गावांचे. मला आधी हसू आलं होतं. आमच्या गावाला कुठला आलाय झेंडा, देवळावर भगवा असतो तेवढाच. पण त्यांच्या देशात प्रत्येक गावाला आपला झेंडा, आणि इकडं येऊन पडलेल्या लोकांनी प्रत्येक गावाचा एक क्लब काढलेला, आणि मिरवणुकीला प्रत्येक क्लब आपल्या गावाचा झेंडा घेऊन निघतो. रेशमाचा, चौकोनी, कडेला गोंडे. मधे ढाल, ढालीत त्या गावाची चित्रं, आणि ढालीच्या डोक्यावर मुकुट. मुकुट राजाचा नाही, गावाच्या तटाचा, बुरूज असलेला. लहान गावाला चार बुरूज. शहराला पाच. सगळ्यांचे चांदीचे, म्हणजे रुपेरी रेशमाचे. सोन्याचे बुरूज अख्ख्या देशात फक्त राजधानीला. हे मावशीनं मला बोटांवर मोजून मोजून शिकवलं, आणि सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की जणू चूक झाली तर तुरुंगात टाकतील.

मावशीच्या गावाच्या ढालीत एक हात होता, हातात तलवार, आणि खाली कापलेलं मुंडकं. कुठल्या तरी जुन्या लढाईत कुठल्या तरी वीरानं शत्रूचं मुंडकं छाटून गाव घेतलं, ते त्या लोकांनी झेंड्यावर काढून ठेवलंय. माझा हात बारीक म्हणून मानेची कापलेली कड आणि रक्ताचे थेंब मावशी मला भरायला द्यायची. लाल रेशीम, एकेक थेंब. मी थेंब भरायचे आणि वर जिन्याकडं कान असायचा. रात्री डोळे मिटले की ते मुंडकं माझ्याकडं बघायचं आणि मला वाटायचं आपलंच आहे.

मग बातमी आली की मावशीचं गाव आता शहर झालं. तिकडच्या सरकारनं जाहीर केलं. म्हणजे चार बुरुजांचे पाच होणार, झेंड्यात रंगांचे चार तुकडे होते त्याचे आठ होणार, खालच्या पट्टीवरची अक्षरं बदलणार. मावशीचा मुलगा क्लबचा पुढारी. तो सांगायला आला तेव्हा आईला उचलून त्यानं गरकन फिरवलं, आणि क्लबच्या लोकांनी गल्लीत फटाके लावले. शेजारच्या गावाचा क्लब मात्र मत्सरानं जळायला लागला. त्यांचं गाव अजून चार बुरुजांवरच. दोन्ही गावांचं पूर्वीपासून वैर, आणि तिथून इथं आले तरी वैर बरोबर घेऊन आले. त्यांच्यातला एकजण बेकरीत सगळ्यांसमोर म्हणाला म्हणे, की पाचवा बुरूज कशाला, डुकरं ठेवायला का. त्यावरून तिथंच एकाचं नाक फुटलं.

नवा झेंडा ऑक्टोबरच्या मिरवणुकीला हवा होता. मावशीच्या डोळ्यांना मोतीबिंदू, म्हणून मुकुट पूर्ण मी भरला. पाची बुरूज. विटेला वीट.

त्याच सुमाराला ह्यांनी ठरवलं की पोरगीला इचलकरंजीला सासूबाईंकडं पाठवायचं. दोन वर्षांची होती. ह्यांचे एक मित्र आणि वहिनी बॉस्टनजवळ राहायचे, ते सुट्टीवर निघाले होते, त्यांच्याबरोबर. इकडं पुष्कळ लोक पाठवतात, दोघं नोकरी करतात, पोरं आजीकडं वाढतात, त्यात वावगं कुणाला वाटत नाही. पण हे म्हणाले, पोरगी परक्या बाईला आजी म्हणते, सॉसेज खाते, मराठी बोलत नाही, तुझ्यामुळं. आणि म्हणाले, तिला पाठवली की मग तुझं बघतो. ते असं शांतपणे म्हणाले की मला पट्ट्याची भीती वाटली नाही इतकी त्याची वाटली. पोरगी घरात होती म्हणून माझं डोकं फुटायचं राहिलं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ती रडायला लागली की शेजारी ऐकतील म्हणून हे थांबायचे.

मी एकदाच म्हणाले, नको पाठवू या. त्याचं उत्तर म्हणून माझं मनगट दारात धरून त्यांनी दार लावलं. तरी दुसऱ्या दिवशी मी बुरूज भरले. डाव्या हातानं कापड धरायला येत नव्हतं, म्हणून गुडघ्याखाली दाबून धरलं.

विमान रविवारी संध्याकाळचं, आणि मिरवणूकही रविवारीच. मित्र आणि वहिनी दुपारी गाडी घेऊन येणार, पोरगीला उचलून विमानतळावर जाणार. तिची बॅग ह्यांनी आधीच त्यांच्याकडं पोचवली होती. शनिवारी गोंडे लावायला झेंडा मी वर आणला होता. आणि शनिवारी होती खंडेनवमी.

इचलकरंजीत त्या दिवशी माग बंद. माग पुसायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल, नारळ. कात्री, मागाचा धोटा, नट आवळायचे पाने, जे जे हत्यार असेल त्याची पूजा. मी इथंही मशीन पुसलं, कात्रीला हळद लावली. आणि समोर पलंगावर तो झेंडा पसरलेला, त्यात तलवार. नव्या वस्तूला हळदीचं बोट लावल्याशिवाय घराबाहेर काढायचं नाही हे माझ्या हाडात आहे, आणि ही तर हत्यारवाली वस्तू. मला वाटलं ढालीतल्या त्या हाताला हात जोडावेत. मुंडकं छाटणाराच हात आहे, तो माझं ऐकेल. पोरगीला जाऊ देऊ नको एवढंच मी म्हणाले. ओली हळद होती वाटीत. पाच बोटं बुडवली आणि पाच बुरुजांवर ठेवली.

रेशमानं हळद अशी प्यायली की मी बघतच राहिले.

मी भांड्याचा साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे बाईमाणसाला शिकवायला नको, पण त्या वेळी डोकं कुठं जाग्यावर होतं. पाची बुरूज लालभडक झाले. रक्तात बुडवल्यासारखे. मी घाबरून पाणी ओतलं, चोळलं, तर लाल गेलं आणि पिवळं पसरलं, सगळ्या मुकुटभर, एकसारखं, सोन्यासारखं. मी पोरगीला एका हातात आणि झेंडा एका हातात घेऊन खाली धावले, पायात चप्पल नाही.

मावशीनं झेंडा खिडकीशी धरला. बराच वेळ बघितला. मग खुर्चीत बसली आणि पहिल्यांदा मला तिची भीती वाटली. सोनं फक्त राजधानीचं, असं ती पुटपुटली. मी तिचे पाय धरले. बॉसला कळलं तर ह्यांची नोकरी जाणार, नोकरी गेली तर हे मला मारून टाकणार, हे मी मराठीतच बोलत होते आणि तिला सगळं कळत होतं. ती उठली. टेलरचा पांढरा खडू घेतला, किसणीवर किसला, आणि ती पूड बोटानं बुरुजांवर चोळत बसली. दोघी चोळत बसलो. लांबून रुपेरी दिसायला लागलं. मावशी म्हणाली, उद्या उन्ह पडू दे.

उन्ह पडलं. पण पाद्री आला.

चर्चच्या पायऱ्यांखाली दोन्ही क्लब समोरासमोर उभे. गिरणीतले सगळे आलेले, हेही आलेले, बॉसनं बोलावलं म्हणून कोट घालून. मी पोरगीला घेऊन मावशीच्या मागं. मावशीच्या मुलानं झेंड्याची काठी धरली होती, वर पितळेचं भाल्यासारखं टोक. बँड थांबला, पाद्री पुढं आला आणि नव्या झेंड्याला आशीर्वाद म्हणून त्यानं त्यांचं पवित्र पाणी शिंपडलं. एकदा नाही, चांगलं भरभरून. खडू ओघळला. पांढरे ओघळ मुंडक्यावरून खाली आले आणि वर पाच बुरूज पिवळेधमक.

मग समोरच्या क्लबमधून एक म्हातारा दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडला, लिस्बन आलं, लिस्बन आलं, वाकून नमस्कार करा. आणि ते सगळे टोप्या काढून कमरेत वाकले. हसत हसत वाकले. कालपर्यंत चार बुरूज नि आज राजधानी झाले, असं काय काय.

पहिला ठोसा मुलानंच मारला. मग काही कळेना. माणसं एकमेकांवर अशी पडली की पाठमोरी कोण नि समोरची कोण दिसेना. बँडवाल्यानं तुतारीसारखं पितळी वाद्य एकाच्या तोंडावर घातलं, त्याचे दात पायरीवर पडले ते मी बघितले. एका माणसाचा कान लोंबत होता आणि तो तसाच मारत होता. दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींचे केस धरून उभ्या, पर्स काखेत तशीच. समोरच्यांनी झेंडा ओढला, मावशीच्या क्लबवाल्यांनी ओढला, माझी महिनाभराची वीण टर्रकन फाटली. काठी मोडली. पितळेचं टोक मुलाच्या कपाळावर बसलं आणि त्याचा सगळा चेहरा लाल झाला, मी शिवलेल्या थेंबांसारखा नाही, थेंब वगैरे नाही, पाट.

तो खाली बसला आणि आईकडं बघून ओरडला की हे पिवळं कुणी केलं.

"मी केलं," मावशी म्हणाली. "माझे डोळे गेलेत."

तिथं तेवढ्यावर भागलं असतं. तिकडचं कुणी हळद ओळखत नव्हतं, त्यांना वाटलं रंग असेल. त्या एवढ्या गर्दीत तो पिवळा ओळखणारं एकच माणूस होतं. हे गर्दीतून माझ्याकडं येताना दिसले, कुणाला ढकलत नाहीत, घाई नाही, सरळ. जवळ येऊन हळू विचारलं.

"हळद लावलीस?"

मी पोरगीला घट्ट धरलं. ह्यांनी माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मला ओढत बॉसच्या पुढ्यात नेऊन टाकलं आणि इंग्रजीत म्हणाले, माय वाइफ, शी डिड, आय फिक्स. आणि मारायला लागले. बॉसला दाखवायला मारत होते. ते मला नीट कळत होतं, कारण रोजचं वेगळं असायचं, रोज तोंड चुकवून मारायचे, कपड्याखाली. आज सगळ्यांसमोर तोंडावर. पोरगी माझ्या पोटाखाली, मी तिच्यावर वाकलेली. मावशी मधे आली. तिनं ह्यांच्या हाताला धरलं, तर ह्यांनी तिला झटकलं, आणि ती म्हातारी बाई मागं दगडी पायरीवर पडली. तिच्या डोक्याचा आवाज आला.

मग ह्यांनी पोरगीचा हात धरला. आजच गाडीत घालतो, म्हणाले. तिचा हात खांद्यातून ओढला जात होता आणि ती वोवो वोवो ओरडत होती. मी ह्यांच्या हाताला चावले. अंगठ्याखाली, जिथं मांस असतं तिथं. ह्यांनी दुसऱ्या हातानं माझ्या कानावर, डोक्यावर, मानेवर, मोडलेल्या काठीचा तुकडा सापडला त्यानं पाठीवर. मी सोडलं नाही. रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. मी आयुष्यात कुणाला चिमटासुद्धा काढलेला नाही. ह्यांच्या हातून पोरगी सुटली तेव्हाच मी तोंड उघडलं.

तोवर बॉसनं आईला पडलेलं बघितलं होतं. तो रक्तानं आंधळा झालेला, तरी उठला आणि ह्यांच्या अंगावर गेला. माझ्यासाठी नाही गेला. आईला ढकललं म्हणून गेला. मला ते चालतं.

पोलिसांच्या गाड्या आल्या तेव्हा ह्यांच्या हातात तो काठीचा तुकडा होता. पोलीस जो हातात येईल त्याला धरत होते. एक उंच पोलीस माझ्यापाशी वाकला, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि ह्यांच्याकडं बोट करून विचारलं, ही डिड दिस. हे माझ्याकडं बघत होते. मान हलवत होते, नाही म्हण, नाही म्हण. एरवी मी पडले म्हणाले असते, जिन्यावरून पडले, ते वाक्य मला इंग्रजीत पाठ होतं. मी येस म्हणाले. माझा आवाज आला की नाही मला अजून माहीत नाही, पण पोलिसानं ऐकलं.

दुपारी गाडी आली. मावशीच्या डोक्याला टाके घालून शेजारणी तिला घरी घेऊन आल्या होत्या, आम्ही तिघी खाली तिच्याच स्वयंपाकघरात. पोरगीचा खांदा सुजलेला, तिला मांडीवर झोपवलेली. भाऊजी, म्हणजे ह्यांचे मित्र, गाडीतच बसले, इंजिन चालू. वहिनी दारात आल्या. नवी साडी, वर जाड कोट, आणि माझं तोंड बघून दोन पावलं मागं गेल्या.

मग सावरल्या. म्हणाल्या की उशीर होतोय, पोरीची बॅग आधीच गाडीत आहे, तिला तशीच दे झोपलेली, म्हणजे रडणार नाही. सगळेच पाठवतात गं, वर्षाचा प्रश्न आहे. इथं हे असलं बघत वाढण्यापेक्षा तिकडं बरी. हे त्या चांगल्या मनानंच म्हणत होत्या, आणि त्यातलं निम्मं मला पटत होतं, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मी उठून पोरगीला त्यांच्या हातात दिली असती. पाय खरंच उठले होते.

"तुझ्या ह्यांनीच ठरवलंय अगं," वहिनी म्हणाल्या. "आम्ही त्यांना काय सांगायचं?"

"त्यांनाच विचारा," मी म्हणाले. "पोलीस स्टेशनात आहेत. मी देणार नाही."

बाहेर भाऊजींनी हॉर्न दिला. मावशीला आमचं काही कळत नव्हतं, पण तिनं टेबलावरून उठून पाव कापायची मोठी सुरी घेतली आणि पाव कापायला लागली, दाराकडं तोंड करून, न बघता, जाड जाड तुकडे. वहिनींनी सुरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. वाकून पोरगीच्या कपाळावरून हात फिरवला. "जपून राहा," म्हणाल्या आणि गेल्या. गाडी वळली तरी मी दाराची कडी लावून पाठ टेकून उभी होते. बॅग तशीच गेली त्यांच्याबरोबर. तीन स्वेटर होते तिच्यात, मी विणलेले. ते पुढं इचलकरंजीला नणंदेच्या पोरानं घातले असं ऐकलं.

हे दुसऱ्या दिवशी सुटले. आले. बॉस कपाळाला पट्टी बांधून जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला होता. कपडे घ्यायला वर जाऊ दिलं, पाठोपाठ स्वतः गेला, आणि खाली आणून रस्त्यापर्यंत सोडलं. ह्यांनी जाताना खिडकीकडं बघून एकच सांगितलं की परत येईन. पोरगी माझ्या कडेवर होती. माझ्या कडेवर होती आणि तिचं वजन मला कळत होतं.

अजून हे आलेले नाहीत. येतील असं धरूनच मी चालते. जिना वाजला की सुई थांबते माझी. मावशी म्हणते, फील्या, मांजर आहे. बहुतेक वेळा मांजरच असतं.